खुलासा : विधान परिषदेत ‘२३ मते नाहीत म्हणजे पडला’?

विधान परिषदेचा निकाल लागला की एक वाक्य हमखास फिरते : पहिल्या पसंतीच्या मतांतच कोटा (निवडून येण्यास लागणारी मते) गाठला नाही, तर उमेदवार गेला. हे खरे नाही.

१२ जुलै २०२४ची निवडणूक घ्या. जागा ११, उमेदवार १२, मतदार विधानसभेचे २७४ आमदार. सगळीकडे ‘२३ मते हवीत’ असेच छापले गेले. सदाभाऊ खोत यांना पहिल्या पसंतीची अवघी १४ मते मिळाली, तरी ते निवडून आले. मिलिंद नार्वेकरांची गाडी २२वर अडली होती, तेही आले. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) जयंत पाटील मात्र १२वर राहिले आणि पडले.

हे कसे? मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो. मोजणीत प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. २७,४०० भागिले १२ (जागा अधिक एक), अपूर्णांक सोडून त्यात एक मिळवायचा, की कोटा येतो २२८४, म्हणजेच ढोबळ २३ मते. पंकजा मुंडेंना २६ मते, म्हणजे २६००. वरचे ३१६ वाया जात नाहीत. त्या २६ मतपत्रिकांवर ज्याचे नाव दुसरे, त्याच्या पारड्यात प्रत्येकी १२ पडतात. खोतांना तारले ते अशाच उरलेल्या मतांनी. ‘दुसरी पसंती’ टीव्हीवर नुसती उच्चारली जाते. खरी मारामारी तिथेच असते.

आणखी एक : इथे राज्यसभेसारखी मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागत नाही, मतदान गुप्त असते. त्यामुळे ‘कुणाची किती मते फुटली’ या बातम्या बहुतेक वेळा बेरीज-वजाबाकीतून काढलेल्या असतात.