तुमच्या पत्रातला "हॅड" आम्ही का काढतो

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे इंग्रजी अर्ज, व्हिसाची कव्हर लेटरं, रिफंडची पत्रं, अनुभवाचे दाखले असलं काहीबाही तपासून घ्यायला जे येतात त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रिंट हातात पडल्यावर पहिला प्रश्न एकच असतो, "अहो मी इथे हॅड लिहिलेलं, ते कुठे गेलं?" आणि काउंटरवर मागे चारजण ताटकळत असताना ते धड सांगता येत नाही, म्हणून हा कागद. घरी चहा पिता पिता वाचा, घाई नाही.

मूळ घोळ आपल्या मराठीतच आहे. शाळेत पूर्ण भूतकाळ म्हणजे पास्ट परफेक्ट असं वहीत लिहून घेतलं, "मी गेलो होतो" बरोबर "आय हॅड गॉन", विषय संपला. पण आपण "होतो" किती सैल हाताने वापरतो बघा ना. काल बँकेत गेलो होतो. मागच्या मे महिन्यात गोव्याला गेलो होतो. मी तुम्हाला फोन केला होता. यात "त्याच्याही आधी" असं काहीच नाही, गोष्ट होऊन गेली एवढंच सांगायचंय. इंग्रजीत तेवढ्यासाठी साधं "वेन्ट" पुरतं. "आय हॅड गॉन टू द बँक येस्टरडे" एवढंच लिहून फुलस्टॉप दिलात तर वाचणारा वाट बघत बसतो, बरं मग, पुढे काय झालं? हॅडला टेकायला भूतकाळातलीच दुसरी गोष्ट लागते. "आय हॅड गॉन टू द बँक, सो आय मिस्ड युअर कॉल", आता कसं, कॉल येऊन गेला तोही कालच, आणि बँकेत जाणं त्याच्या आधीचं. असा हॅड आम्ही कधीच काढत नाही.

हान्स रायशनबाख नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1947 मधे हे फार सोप्पं करून मांडलं. क्रियापदाच्या काळात तीन टोकं धरायची, एक आपण बोलतोय तो क्षण, दुसरं ती गोष्ट घडली तो क्षण, आणि तिसरं म्हणजे जिथे उभं राहून आपण त्या गोष्टीकडे बघतोय तो क्षण. पास्ट परफेक्टमधे हे तिसरं टोक आजपासून मागे असतं आणि गोष्ट त्याच्याही मागे. या तिसऱ्या टोकाला आम्ही दुकानात "खुंटी" म्हणतो. खुंटी कुठे आहे ते सांगायचं काम "बाय", "बिफोर", "व्हेन", "ऑलरेडी" असले शब्द करतात, आणि खरी गंमत त्यांच्यातच आहे.

एक उदाहरण घेऊ, अशी पत्रं आम्ही ढिगाने लिहिलीत. ट्रिप बुक केलेली, लॉकडाउन लागला, पैसे परत मागायचे. 24 मार्च 2020 च्या रात्री घोषणा झाली ही तुमची खुंटी. आता मराठीत तुम्ही म्हणता "लॉकडाउन जाहीर झाला तेव्हा आम्ही बुकिंग कॅन्सल केलं". इंग्रजीत याची दोन वाक्यं होतात. "व्हेन द लॉकडाउन वॉज अनाउन्स्ड, वी कॅन्सल्ड द बुकिंग" म्हणजे घोषणा ऐकली आणि मग कॅन्सल केलं. "व्हेन द लॉकडाउन वॉज अनाउन्स्ड, वी हॅड ऑलरेडी कॅन्सल्ड द बुकिंग" म्हणजे घोषणा व्हायच्या आधीच कॅन्सल करून मोकळे. कॅन्सलेशनचे नियम तारखेवर चालतात त्यामुळे या एका हॅडवर किती पैसे कापले जाणार ते ठरू शकतं, म्हणून आम्ही खोदून खोदून विचारतो की नक्की आधी की नंतर, तर कृपया वैतागू नका.

हा "ऑलरेडी" हॅड आणि क्रियापदाच्या मधे बसतो, "जस्ट", "नेव्हर", "ऑलवेज" यांचंही तसंच. "ऑलरेडी आय हॅड पेड" असं आपण बोलतो कारण मराठीत "आधीच मी पैसे दिले होते" सहज चालतं, बोलताना चालून जाईल, पत्रात आम्ही बदलतो.

"पर्यंत" हा शब्द तर आपल्याला हमखास फसवतो. शुक्रवारपर्यंत पैसे भरा आणि शुक्रवारपर्यंत थांबा, मराठीला दोन्हीकडे एकच शब्द चालतो, इंग्रजीत पहिल्याला "बाय" आणि दुसऱ्याला "अन्टिल". काम एकदाच होऊन संपलं, तर त्या दिवशी किंवा त्याच्या आत कधीही, ते "बाय". "बाय फ्रायडे आय हॅड सबमिटेड द फॉर्म". एखादी परिस्थिती तिथपर्यंत तशीच चालू राहिली तर "अन्टिल". "अन्टिल फ्रायडे वी हॅड रिसीव्ह्ड नो रिप्लाय". "हॅड सबमिटेड अन्टिल फ्रायडे" लिहिलंत तर तुम्ही शुक्रवार उजाडेपर्यंत एकच फॉर्म भरत बसला होतात असं चित्र उभं राहतं.

आता तारीख वाक्यात कुठे ठेवायची ते, हे थोडं बारीक आहे पण वाचाच. "वी हॅड कॅन्सल्ड द बुकिंग ऑन 20 मार्च" याचा साधा अर्थ कॅन्सल केलं ते 20 तारखेला. तोच "ऑन 20 मार्च" उचलून पुढे आणला, "ऑन 20 मार्च वी हॅड ऑलरेडी कॅन्सल्ड", की 20 तारीख खुंटी झाली, कॅन्सल केलं ते तिच्या आधी कधीतरी. "ऑलरेडी" नसेल तर वाचणाऱ्याला दोन्ही अर्थ लागू शकतात आणि समोरच्या पार्टीला पैसे द्यायचे नसतील तर ती तिच्या सोयीचाच अर्थ काढणार. म्हणून जिथे शंका तिथे आम्ही हॅड उडवून सरळ "वी कॅन्सल्ड द बुकिंग ऑन 20 मार्च" लिहितो. तारीख छापलेली आहे, क्रम तिच्यावरूनच कळतो, हॅडची गरज काय. "आफ्टर" आणि "बिफोर" असेल तेव्हाही बऱ्याचदा असंच, "आफ्टर आय पेड द फीज, आय गॉट द रिसीट", क्रम "आफ्टर"नेच सांगितला, हॅड लावला तर चूक नाही पण ओझं.

"अगो" मात्र आम्ही न विचारता काढतो. "अगो" आजपासून मागे मोजतं आणि हॅडवाली गोष्ट खुंटीपासून मागे मोजायची असते. "आय हॅड पेड टू मंथ्स अगो" नाही, "टू मंथ्स अर्लिअर" किंवा "टू मंथ्स बिफोर दॅट". तसंच "येस्टरडे"चं "द डे बिफोर" होतं आणि "धिस मॉर्निंग"चं "दॅट मॉर्निंग".

पासूनचा घोळ पर्यंतच्या घोळाचा सख्खा भाऊ. 2018 पासून आणि दोन वर्षांपासून, मराठीत दोन्हीकडे पासून, म्हणून "सिन्स टू इयर्स" असं लिहिलं जातं. किती काळ ते सांगायचं तर "फॉर", कुठून सुरू ते सांगायचं तर "सिन्स". "आय हॅड वर्क्ड देअर फॉर टू इयर्स व्हेन द ब्रांच क्लोज्ड". अनुभवाच्या दाखल्यात हे वाक्य जवळजवळ रोज लागतं.

काही किरकोळ. "हॅड हॅड" दोनदा दिसलं तर व्हाइटनर लावू नका! एका ताईंनी खरंच लावला होता आणि मग आम्हाला नवीन प्रिंट काढावी लागली. "आय हॅड हॅड फिव्हर फॉर थ्री डेज बिफोर द एक्झाम" बरोबर आहे, पहिला हॅड मदतीचा, दुसरा ताप "असण्या"चा. बारावीला घोकलेलं "नो सूनर हॅड आय... दॅन" पत्रात नको, अगदी नाटकी वाटतं. आणि आयेल्ट्स देणाऱ्या मुलांनो, रायटिंगच्या मार्कांचे चार निकष सारख्या वजनाचे असतात, व्याकरण त्यातला एक, तिथे वाक्यरचनेची विविधता आणि अचूकपणा दोन्ही बघतात, त्यामुळे दर वाक्यात हॅड पेरून काही फायदा नाही, खुंटी दाखवून एकदोन नीट बसवा.

येताना एवढं करा, एका कागदावर तारखा ओळीने लिहून आणा, पैसे कधी भरले, मेल कधी गेला, उत्तर कधी आलं, पावत्यांचे फोटो मोबाइलमधे असतील तर तेही चालतील. फोनवर "मागे एकदा दिले होते" असं सांगितलंत की आमचं सगळं तिथेच अडतं. आणि आम्ही काढलेला हॅड तुम्हाला परत हवाच असेल तर प्रिंट मारायच्या आधी सांगा, कुठे टेकवायचा ते बसून ठरवू.