‘दुर्बिणीतून होईल ना गं?’

इंदूरला रामबागेत आमच्या शेजारच्या काकूंना गुदाशयाचा कर्करोग निघाला. रिपोर्ट हातात घेऊन त्या आल्या आणि पहिलं हेच विचारलं, ‘दुर्बिणीतून होईल ना गं?’ त्यांच्या जावेची पित्ताची पिशवी तशीच काढली होती आणि ती लगेच घरी आली होती. काकूंना तेवढ्याचाच धीर होता.

पण ओटीपोट ही फार अडचणीची जागा. हाडांच्या निमुळत्या भांड्यात पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय, मागे गुदाशय. कडेनं मूत्रवाहिन्या, मोठ्या रक्तवाहिन्या आणि लघवी-संडासावर ताबा ठेवणाऱ्या बारीक नसा. पोट उघडलं तरी तळाशी हात अवघडतो, उजेड पोचत नाही. दुर्बीण मात्र थेट तिथे उतरते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. दाब साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याइतका, त्यामुळे बारीक शिरांतून होणारा रक्तस्रावही आटोक्यात राहतो. काही ठिकाणी दुर्बिणीचं हेच ऑपरेशन रोबोटच्या मदतीनं करतात, त्याची हत्यारं मनगटासारखी वळतात. ती चालवतो सर्जनच.

गाठ शेजारच्या अवयवांत शिरली असेल तर तेही काढावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये सर्जन अलेक्झांडर ब्रुन्शविग यांनी 1948 साली अशा 22 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यातले 5 शस्त्रक्रियेपायीच गेले. तेच ऑपरेशन आज काही निवडक रुग्णांत दुर्बिणीतून होतं, हे मला खरोखर थक्क करणारं वाटतं. छेद लहान असला तरी आतली काटछाट मात्र तेवढीच असते.

शिवाय दुर्बीण सगळीकडे सारखी चालत नाही. गुदाशयात आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात ती उघड्या शस्त्रक्रियेच्या तोडीची ठरली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात 2018 साली धक्का बसला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या 631 स्त्रियांच्या चाचणीत साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेनंतर 96.5 टक्के, तर दुर्बीण-रोबोटनंतर 86 टक्के निघालं. आजार वाढलेला असेल तर तिथे मुख्य उपचार रेडिएशन आणि केमोच.

म्हणून मी काकूंना म्हटलं, डॉक्टरांना छेदाचं नंतर विचारा. आधी विचारा, गाठ न फुटता, भोवतालच्या निरोगी कडेसकट अख्खी निघेल का? आणि अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? काकूंनी दोन्ही प्रश्न रिपोर्टच्या पाकिटावर लिहून घेतलेत. सध्या रेडिएशन चालू आहे. ते संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय, मग ठरेल.