घंटा आणि कासव

शनिवार पेठेत आमच्या घरामागे महादेवाचं एक लहानसं देऊळ आहे. लहानपणी आईबरोबर तिथं गेलं की दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. दाराशी आईनं मला उचलायचं आणि मी घंटा वाजवायची. मग नंदीजवळ फरशीत कोरलेल्या दगडी कासवावर पाय पडू द्यायचा नाही.

घंटा म्हणजे जागं होणं. कासव म्हणजे हातपाय आत ओढून घ्यावेत तशी इंद्रियं आवरून घेणं. एक कान उघडायला सांगते, दुसरं मिटायला, आणि दोन्हींत अंतर जेमतेम दहा पावलांचं. हे परस्परविरुद्ध आहे, हे मला कित्येक वर्षं खटकलंच नाही. रोजचं झालं होतं ना!

हे ‘रोजचं होणं’ ही मेंदूची फार जुनी करामत आहे. समुद्री गोगलगाईच्या एका जातीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. पण तसाच स्पर्श पुन्हा पुन्हा केला, की दहाएक वेळांत तिचं आक्रसणं मंदावतं. एरिक कँडेल यांनी दाखवलं की तिच्या संवेदी चेतापेशी पुढच्या पेशीकडे रासायनिक निरोपच कमी पाठवू लागतात. स्मृतीच्या पेशीपातळीवरच्या अशा कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. आपल्यातही हेच चालू असतं. अंगावरचा सदरा, भिंतीवरचं घड्याळ, फ्रिजची घरघर, सगळं मेंदू हळूच पुसून टाकतो. गंमत म्हणजे फ्रिज बंद पडला की ती शांतता मात्र चटकन कळते. म्हणजे घरघर नुसती गळून गेलेली नव्हती, मेंदूनं तिचा नमुना करून ठेवला होता. रशियन शास्त्रज्ञ सोकोलोव्ह यांची मांडणी हीच: येणारी प्रत्येक संवेदना त्या नमुन्याशी ताडली जाते, जुळली नाही तरच आपण मान वळवतो. (उद्दीपन जितकं जोरदार, तितकी त्याची सवय कमी. गणपतीआधी नदीपात्रात चालणाऱ्या ढोल-ताशांच्या सरावाबद्दल याहून अधिक बोलण्याची गरज नसावी.)

आता साधना करणाऱ्यांचं काय? त्यांच्या मेंदूतही हे पुसणं असंच चालतं का? डोळे मिटून स्वस्थ बसलं की मेंदूत सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात. जवळ काही खट्‌ वाजलं की त्या मोडतात. तोच आवाज येत राहिला की मोडणं कमी कमी होत जातं. मोजायला सोपी गोष्ट.

१९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि सिंग या तिघांनी योग्यांच्या अशा नोंदी घेतल्या. प्रखर प्रकाश, दणका, गरम काचेचा स्पर्श. एरवी या सगळ्यानं लहरी मोडत, पण समाधीत बसलेल्या योग्यांच्या लहरी मोडल्या नाहीत. आणखी दोघांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवला, तरी लहरी तशाच. हे कासव. अष्टांगयोगातलं पाचवं अंग, प्रत्याहार, म्हणतात ते हेच असावं.

पाच वर्षांनी जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांना टकटक ऐकवली, दर पंधरा सेकंदांनी एक, अशी वीस वेळा. साधना न करणाऱ्यांना तिसऱ्या-चौथ्या टकटकीपासूनच सवय होऊ लागली. मुरलेल्या झेन गुरूंच्या लहरी मात्र दर वेळी दोन-तीन सेकंद मोडत राहिल्या. विसावी टकटकही पहिलीसारखीच. ही घंटा.

इथवरची गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते. पुढची फिरत नाही. १९८१ मध्ये बेकर आणि शपिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यानाचे साधक, शिवाय साधना न करणारे, अशा सगळ्यांवर हा प्रयोग नीट करून पाहिला. गटागटांत फरक सापडला नाही. म्हणून साधना व्यर्थ, असं मी म्हणणार नाही. मूठभर योगी आणि एकच लहर यांवर एवढा मोठा मजला चढवला, हे मात्र चुकलंच. आणि घंटेच्या सात सेकंदांच्या नादानं सात चक्रं जागी होतात, हा तर निव्वळ ढकलसंदेश.

त्यापेक्षा स्वतःवर करून पाहण्यासारखं बरंच आहे. समईच्या ज्योतीकडे नजर न हलवता बघत राहा. थोड्या वेळात कडेची फुलं, ताम्हन फिकट होऊन विरघळू लागतात. स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्येच हे नोंदवलं होतं. डोळा अखंड बारीक थरथरत असतो म्हणून दृश्य टिकतं. थरथर कमी झाली की न बदलणारं दृश्य पुसलं जातं. त्राटक करणाऱ्याला ‘फक्त ज्योत उरली’ असं वाटतं, त्यात या पुसण्याचा वाटा नक्की आहे. जी सवय आपल्याला बेसावध करते, तीच इथं एकाग्रतेच्या कामी येते, हे मला त्या लहरींपेक्षाही जास्त आवडतं.

वासाचं तर आणखी झटपट. देवळात शिरताना उदबत्ती आणि बेलफुलांचा वास भपकन येतो, नमस्कार होईतो विरतो. गुरवकाकांना विचारलं, तुम्हाला येतो का हो वास? म्हणाले, “गावाहून परत आलो की पहिल्या दिवशी येतो. मग नाही.” खंड पडला की सवय मोडते, हे प्रयोगशाळेतही असंच दिसतं.

परवा सोमवारी मी घंटा वाजवून तिथंच उभा राहिलो. तिचा नाद संपेपर्यंत ऐकायचं ठरवलं होतं. ठणका गेला, मग गुणगुण, मग तिच्याही मागे काहीतरी बारीक कंप. संपला म्हणावं तर ऐकू येतोय, येतोय म्हणावं तर बाहेर रिक्षा. मागं दोघं-तिघं घंटेसाठी खोळंबले होते. आई तोवर अर्धी प्रदक्षिणा घालून परत आली.

“थांबलास का? झालं नाही तुझं?”

“अजून वाजतेय,” मी म्हणालो.