डॅगेरोटाइप की अँब्रोटाइप? जुन्या पेटीतल्या कुत्र्याचे चित्र

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेत काढलेली पाळीव कुत्र्यांची छायाचित्रे अनेकदा चामडे मढवलेल्या, बिजागरीच्या छोट्या पेटीत पितळी चौकटीमागे बसवलेली आढळतात. पेटी सारखीच, म्हणून आतले चित्र कोणत्याही पद्धतीचे असले तरी लोक त्याला सरसकट डॅगेरोटाइप म्हणतात. काही चित्रे मात्र अँब्रोटाइप निघतात.

ओळखण्यासाठी पेटी नुसती कलती करून पाहावी. डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा देऊन आरशासारखा घासलेला तांब्याचा पत्रा. कोन बदलताच त्यावरचा कुत्रा निगेटिव्हसारखा दिसू लागतो आणि त्याच्या जागी आपलाच चेहरा डोकावतो. अँब्रोटाइप काचेवरचे असते. मुळात ती एक फिकी निगेटिव्हच, पण मागे काळे कापड किंवा काळा रंग असल्याने ती पॉझिटिव्ह भासते आणि पेटी कशीही फिरवली तरी तशीच राहते.

खरा फरक कारागिरीत आहे, आणि तो कुत्र्यासमोर विशेष जाणवतो. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झालेल्या डॅगेरोटाइपच्या पत्र्याला, त्यावर प्रकाशाचा परिणाम व्हावा म्हणून, आयोडीनची, पुढे ब्रोमीनचीही, वाफ देत आणि चित्र पाऱ्याच्या वाफेवर उमटवत. वाफ दिलेला पत्रा काही काळ टिके, त्यामुळे कुत्रा शांत होईपर्यंत थांबता येई. इंग्रज छायाचित्रकार फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या (काचेवर पातळ थर धरणाऱ्या चिकट द्रवाच्या) पद्धतीत, जिच्यातून अँब्रोटाइप निघाले, ही सवलत नव्हती: काचेवर कलोडियन ओतणे, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवणे, चित्र घेणे आणि डेव्हलप करणे हे सारे काच ओली असेतोच, काही मिनिटांत, उरकावे लागे. त्यातच कुत्र्याने मान वळवली की मेहनत वाया! भरपाई एवढीच, की अँब्रोटाइपला मुद्दाम कमी प्रकाश द्यायचा असल्याने नेहमीच्या निगेटिव्हपेक्षा कमी वेळ पुरे.

माणसाची मान मागून लोखंडी टेकूने स्थिर करता येई. कुत्र्याच्या बाबतीत तो उपाय चालत नसे. म्हणून आडवा झालेला कुत्रा किंवा मालकाने हाताने धरलेला कुत्रा, हाच छायाचित्रकाराचा भरवसा. शेपटीच्या जागी धुरकट पट्टा दिसला तर नवल मानू नये.

दोन्ही पद्धती निळ्या प्रकाशाला जास्त आणि तांबड्या-पिवळ्याला अगदी कमी प्रतिसाद देत, त्यामुळे तांबूस अंगाचा कुत्रा चित्रात गडद उतरे. ‘काळा कुत्रा’ अशी नोंद करण्याआधी एवढी शंका घ्यावी.