एक्सएफसीईचं पॅनल एवढं मोकळं का आहे, त्याची मागची गोष्ट

जुना लॅपटॉप, २ जीबी रॅम, त्यावर लिनक्स टाकायचं ठरलं की पहिल्या दोनचार नावांत एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, मेन्यू, आयकॉन सांभाळणारा सगळा सरंजाम, येतोच. टाकलं की मग सगळे तेच करतात, पॅनल म्हणजे मेन्यू आणि घड्याळाची पट्टी वरची खाली आणायची, व्हिस्कर मेन्यू हा शोधता येणारा ॲप्सचा मेन्यू लावायचा, आयकॉन बदलायचे, कीबोर्डात मराठी लेआउट घालून त्याचं प्लगिन घड्याळाशेजारी ठेवायचं. हे सगळं इतकं सहज होतं ते का, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

१९९३ साली एचपी, आयबीएम, सन वगैरे मंडळींनी मिळून सीडीई नावाचा डेस्कटॉप जाहीर केला. तो महागड्या युनिक्स वर्कस्टेशनवर चालायचा, खाली एक जाडसर पट्टी, तिच्यातून वर उघडणारे कप्पे आणि मधे वर्कस्पेसची बटणं. लायसनचे पैसे पडायचे, त्यामुळे घरी लिनक्स चालवणाऱ्याला तो मिळणं अवघडच. १९९६ च्या शेवटी ऑलिव्हिए फूर्दां या फ्रेंच प्रोग्रामरने तसाच दिसणारा डेस्कटॉप लिनक्ससाठी बनवायला घेतला, आणि सुरुवातीला त्यात होती फक्त ती पट्टी. पूर्ण डेस्कटॉप नाही, नुसतं पॅनल! एक्सफॉर्म्स नावाच्या टूलकिटमध्ये, म्हणजे बटणं-खिडक्या बनवायच्या तयार कोडसंचात लिहिलं म्हणून नाव एक्सफॉर्म्स कॉमन एन्व्हायर्नमेंट. पुढे एक्सफॉर्म्स गेलं, नाव मात्र राहिलं, आता त्या अक्षरांना फोड नाही.

एक्सफॉर्म्स का गेलं हे महत्त्वाचं आहे, कारण फुकट आणि मुक्त यातला फरक इथे नीट कळतो. एक्सफॉर्म्स स्वतःच्या वापरासाठी फुकट होतं पण सोर्स बंद. १९९८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, स्वतःचा विंडो मॅनेजर (खिडक्या हलवणारा, त्यांना चौकट देणारा प्रोग्राम) एक्सएफडब्ल्यूएम घेऊन, आणि फूर्दांनी रेड हॅट या लिनक्स कंपनीला विचारलं की तुमच्या लिनक्समध्ये हे घ्याल का, तर एक्सफॉर्म्समुळे नकार आला. डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही मुख्य भागात न घेता बाजूच्या काँट्रिब नावाच्या विभागात ठेवलं. मग फूर्दांनी मार्च १९९९ मध्ये सगळं जीटीके टूलकिटवर पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं आणि तिसरी आवृत्ती जीपीएल या मुक्त लायसनखाली आली. एवढं केलेलं काम बाजूला ठेवून नव्याने बसायचं, मला तरी हा या गोष्टीतला सगळ्यात मोठा क्षण वाटतो, कारण त्यानंतरच हे सगळ्यांचं झालं.

२००३ ला ४.० आलं, जीटीके २ वर, पुन्हा सगळं नव्याने, आणि आज जो सुटासुटा स्वभाव दिसतो तो तिथून पक्का होत गेला. पॅनल वेगळा प्रोग्राम, विंडो मॅनेजर वेगळा, डेस्कटॉपचं चित्र सांभाळणारा वेगळा. २००५ च्या ४.२ मध्ये विंडो मॅनेजरमध्येच कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर चितारणारा भाग आला, सावल्या आणि पारदर्शकता त्यानेच येते, आणि मशीन कमजोर असेल तर विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये जाऊन तो बंद करा, फरक लगेच कळतो. २००७ च्या ४.४ मध्ये बेनेडिक्ट मॉइरर यांचा थुनार फाइल मॅनेजर आला, त्यातल्या कस्टम ॲक्शनवर माझा फार जीव आहे, राइट क्लिक करून दहा फोटो एकदम लहान करता येतात, एक ओळ कमांडची लिहून ठेवली की झालं. मग २००९ ला ४.६ मध्ये एक्सएफकॉन्फ, म्हणजे सगळ्या सेटिंग एका पद्धतीने साध्या एक्सएमएल फायलींत, त्यामुळे होम फोल्डरमधलं डॉट कॉन्फिग कॉपी करून नव्या मशीनवर नेलं की आपलं घर जसंच्या तसं उभं राहतं.

२०११ मध्ये ग्नोम या दुसऱ्या मोठ्या लिनक्स डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती, ग्नोम ३ आलं, त्याचं जुनं पॅनल गेलं, उबुंटू लिनक्सनेही युनिटी हा स्वतःचा नवा डेस्कटॉप लावला, आणि हाताला सवय झालेलं सगळं एका अपडेटमध्ये बदललं म्हणून कितीतरी लोक इकडे वळले. लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्ससुद्धा त्यात होते, त्यांचं म्हणणं होतं की ग्नोम २ पेक्षा एक्सएफसीई एक पायरी खाली पण ग्नोम ३ पेक्षा खूपच वर. नंतर ते परत ग्नोमवर गेले, पण तेव्हा आलेले बरेच जण इथेच राहिले.

इथे बदल सावकाश होतो हे खरंय. ४.१२ फेब्रुवारी २०१५ ला आलं आणि ४.१४ ऑगस्ट २०१९ ला, जीटीकेच्या तिसऱ्या आवृत्तीवर नेण्यात साडेचार वर्षं गेली, मोजकी माणसं आणि तीही बहुतेक फावल्या वेळात काम करणारी. पण त्या साडेचार वर्षांत कुणाचं पॅनल गायब झालं नाही, आणि हे मला मोठं वाटतं.

डिसेंबर २०२४ च्या ४.२० मध्ये वेलँडचा, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवायच्या जुन्या एक्स पद्धतीच्या जागी येणाऱ्या नव्या पद्धतीचा, प्रायोगिक सपोर्ट आलाय. एक्सएफसीईचा स्वतःचा विंडो मॅनेजर एक्सएफडब्ल्यूएम अजून वेलँडवर चालत नाही, तरी पॅनल, थुनार, डेस्कटॉप हे लॅबडब्ल्यूसीसारख्या दुसऱ्याच कंपोझिटरवर लावून बघता येतं, कारण प्रत्येक तुकडा पहिल्यापासून वेगळाच होता, जशी १९९६ ची ती पट्टी.