शेअर्ड टेम्प्लेटमधला टूलबार नेमका राहतो कुठे? थोडी पार्श्वभूमी

वर्डच्या जुन्या व्हर्जनमध्ये कस्टमाइझचा डायलॉग उघडला की त्यात 'सेव्ह इन' म्हणून, बदल कुठे साठवायचा ते निवडायची, एक छोटीशी यादी असायची, आणि बहुतेक जण तिच्याकडे बघायचेच नाहीत, बटणं ओढून हवी तिथे टाकायची, क्लोज दाबायचं, झालं काम. पण दहा-वीस लोकांसाठी एकच टेम्प्लेट, म्हणजे नवीन फाइलचा तयार साचा, बनवणाऱ्या माणसाचं सगळं त्या यादीवर अवलंबून असायचं. तिथे 'नॉर्मल', म्हणजे आपल्या मशीनवरचं वर्डचं मूळ टेम्प्लेट, राहून गेलं तर मेहनत करून केलेला टूलबार (बटणांची पट्टी) आपल्याच मशीनवर बसणार आणि ज्यांना टेम्प्लेट पाठवलं त्यांना काहीच दिसणार नाही. मी पहिल्यांदा असं टेम्प्लेट वाटलं तेव्हा नेमकं हेच झालं, सगळे विचारतायत बटणं कुठायत, आणि माझ्या स्क्रीनवर तर ती छान दिसतायत. तेव्हापासून या विषयाचा मागोवा घ्यायची सवय लागली, आणि लक्षात आलं की बटण कुणाचं, म्हणजे माणसाचं, डॉक्युमेंटचं की सगळ्या ग्रुपचं, हा प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षं वेगवेगळ्या जागी फिरतोय.

टूलबार यायच्या आधी काय होतं ते बघितलं तर गंमत वाटते. १९८९ मध्ये आलेल्या वर्डपरफेक्ट ५.१ मध्ये स्क्रीनवर बटणं नव्हतीच, सगळं फंक्शन कीवर, एफ १ पासून पुढे, आणि प्रत्येक की एकटी, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट किंवा ऑल्टबरोबर दाबायची. हे लक्षात राहावं म्हणून एक छापलेली पट्टी मिळायची, ती कीबोर्डवर बसवायची, त्यात कंट्रोलचं लाल, शिफ्टचं हिरवं, ऑल्टचं निळं आणि नुसत्या कीचं काळं अशी रंगांची भाषा होती. त्या पट्टीलाही टेम्प्लेटच म्हणायचे! एकाच कीबोर्डवर पाच जण बसले तरी पट्टी तीच, त्यामुळे 'माझी बटणं, तुझी बटणं' हा वादच नव्हता.

त्याच १९८९ च्या शेवटी विंडोजसाठीचं पहिलं वर्ड आलं. चार्ल्स सिमोनी यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन यांच्याबरोबर ब्राव्हो नावाचा एडिटर केला होता, ते १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि वर्डचा पाया तिथून आला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. विंडोजच्या वर्डने टेम्प्लेट ही एक वेगळी फाइल केली, तिच्यात स्टाइल, तयार मजकूर आणि वर्डबेसिक या वर्डच्या प्रोग्रॅमिंग भाषेतले मॅक्रो (एका नावाखाली साठवलेल्या सूचना) राहायचे, आणि सगळ्यांच्या खाली 'नॉर्मल' नावाचं एक टेम्प्लेट कायम लोड झालेलं असायचं. म्हणजे दोन थर, एक सगळीकडे लागू होणारा आणि एक त्या डॉक्युमेंटपुरता. आज जे काही चाललंय ते याच दोन थरांवर चाललंय.

१९९१ मध्ये वर्ड २.० आलं आणि त्यात टूलबार आला, एकच, पण बदलता येणारा. आणि त्याच वेळी वर्डने विचारायला सुरुवात केली की हा बदल ग्लोबल ठेवू की या टेम्प्लेटमध्ये. मला हा निर्णय खरंच दूरदृष्टीचा वाटतो. त्या काळात बाकीच्यांकडेही बटणं बदलता येत होती, लोटसच्या अॅमी प्रोमध्ये स्मार्टआयकॉन होते, विंडोजच्या वर्डपरफेक्टमध्ये बटण बार होता, आणि दोन्ही चांगले होते. पण टूलबार हा टेम्प्लेटचाच एक भाग असू शकतो, म्हणजे पत्राचं टेम्प्लेट उघडलं की पत्राची बटणं आणि रिपोर्टचं उघडलं की रिपोर्टची, ही कल्पना ग्रुपमध्ये काम करणाऱ्यांना वर्डमुळे मिळाली आणि ती लोकांच्या हाडीमाशी भिनली.

१९९३ च्या वर्ड ६ मध्ये मग हे सगळं फुललं. एकाऐवजी अनेक टूलबार, कडेला चिकटवा नाहीतर मध्ये तरंगत ठेवा, स्वतःचे नवीन बनवा, आणि ऑर्गनायझर नावाचा डायलॉग ज्यात डावीकडे एक टेम्प्लेट, उजवीकडे दुसरं, आणि टूलबार एकातून दुसऱ्यात कॉपी. माझ्यासारख्या नॉर्मलमध्ये टूलबार करून बसलेल्यांना त्या ऑर्गनायझरनेच वाचवलं, नाहीतर सगळी बटणं पुन्हा बसवत बसलो असतो. शिवाय एखादं टेम्प्लेट ग्लोबल म्हणून लोड करता यायचं, स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकलं की वर्ड उघडताना ते आपोआप येणार. आता दोनाचे तीन थर झाले, डॉक्युमेंटला जोडलेलं टेम्प्लेट, मग नॉर्मल, मग ग्लोबल, आणि एकाच नावाचा मॅक्रो तिन्हीकडे असला तर याच क्रमाने जो आधी सापडेल तो जिंकणार. हा क्रम माहीत नसेल तर माणूस दिवसभर डोकं धरून बसतो, कारण टेम्प्लेटमध्ये दुरुस्ती करूनही दाबलं की दुसरीकडचाच जुना मॅक्रो चालतो.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढची सगळी अडचण इथूनच सुरू झाली. वर्डमध्ये बटण दाबलं की एका नावाची कमांड चालते, फाइलसेव्ह, फाइलसेव्हअॅज वगैरे, आणि त्याच नावाचा मॅक्रो तुम्ही लिहिला की मूळ कमांडऐवजी तुमचा मॅक्रो चालतो. टेम्प्लेट बनवणाऱ्यांसाठी हे वरदान होतं, सेव्हचं बटण तेच दिसतं पण दाबलं की आधी फाइलचं नाव ठरलेल्या पद्धतीत आहे का ते तपासतं, मग सेव्ह करतं. १९९५ मध्ये कॉन्सेप्ट नावाचा व्हायरस आला त्याने नेमकी हीच सोय वापरली. तेव्हा मॅक्रो आणि टूलबार फक्त टेम्प्लेटमध्येच राहू शकायचे, साध्या डॉक्युमेंटमध्ये नाही, म्हणून कॉन्सेप्टची फाइल आतून टेम्प्लेट असायची आणि नाव मात्र डॉक्युमेंटचं, ती उघडली की मॅक्रो नॉर्मलमध्ये कॉपी व्हायचे आणि मग फाइलसेव्हअॅज ताब्यात घेऊन पुढची प्रत्येक फाइल तशीच टेम्प्लेट करून सेव्ह. नॉर्मल टेम्प्लेट सगळ्या डॉक्युमेंटना पुरतं म्हणूनच ते उपयोगी होतं, आणि म्हणूनच पसरायलाही तेच सोयीचं.

ऑफिस ९७ मध्ये दोन मोठे बदल झाले. वर्डबेसिक जाऊन व्हीबीए ही ऑफिसची प्रोग्रॅमिंग भाषा आली, आणि मेन्यू नि टूलबार ही वेगळी गोष्ट राहिली नाही, दोन्ही कमांडबार झाले, कोडमधून बनवता येणारे, आणि सगळ्या ऑफिस प्रोग्रॅमना सामायिक. आता डॉक्युमेंटमध्येही मॅक्रो आणि टूलबार राहू लागले. कोड लिहिणाऱ्यांना एक छोटीशी प्रॉपर्टी मिळाली, कस्टमायझेशनकॉन्टेक्स्ट, म्हणजे त्या 'सेव्ह इन' यादीचंच कोडमधलं रूप, आणि तीही लोक विसरायचे, मग कोडने बनवलेली बटणं नॉर्मलमध्ये जाऊन बसायची. टेम्प्लेट उघडताना बटण जोडायचं असा मॅक्रो असला आणि आधीचं बटण काढायची ओळ राहिली तर प्रत्येक वेळी एक नवीन बटण. एकाच्या स्क्रीनवर एकाच बटणाची ओळच्या ओळ लागलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि ती टेम्प्लेट बनवणाऱ्याची चूक होती, वापरणाऱ्याची अजिबात नाही, तरी ऐकून घ्यावं लागलं वापरणाऱ्यालाच.

मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस आला. तो ईमेलने पसरला म्हणून गाजला, पण त्याच्या कोडमधल्या सुरुवातीच्या ओळी आपल्या विषयातल्या आहेत. वर्ड २००० असेल तर कमांडबारमधून मॅक्रो मेन्यूतला सिक्युरिटीचा पर्यायच बंद करायचा, आणि ९७ असेल तर टूल्स मेन्यूतला मॅक्रोचा पर्याय बंद. म्हणजे ज्या सोयीने आम्ही नवशिक्यांसाठी नको ती बटणं लपवत होतो त्याच सोयीने त्याने बचावाचं बटण लपवलं. त्यानंतर सिक्युरिटी लेव्हल कडक ठेवणं सगळीकडे सुरू झालं आणि ज्यांच्या टेम्प्लेटची बटणं मॅक्रोवर चालायची त्यांना प्रत्येक मशीनवर परवानगीचं झंझट मागे लागलं. मला त्याचा राग नाही, ते करायलाच हवं होतं.

याच काळात नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरचे धडेही लोक शिकले. वर्डच्या ऑप्शनमध्ये युजर टेम्प्लेट आणि वर्कग्रुप टेम्प्लेट अशा दोन जागा द्यायची सोय होती, दुसरी ग्रुपसाठी, सर्व्हरवरची. कल्पना उत्तम, पण कुणी त्या टेम्प्लेटवरची फाइल उघडून ठेवली की टेम्प्लेट वापरात, मग नवीन टूलबार असलेली कॉपी त्यावर टाकता येत नाही. सर्व्हरचं नाव बदललं की जुनी डॉक्युमेंट उघडायला प्रचंड वेळ, कारण प्रत्येकात टेम्प्लेटचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो आणि वर्ड तो बिचारा शोधत बसतो. म्हणून जुनेजाणते लोक मजकुराचं टेम्प्लेट वेगळं आणि बटणांचं टेम्प्लेट वेगळं ठेवू लागले, बटणांचं प्रत्येकाच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये कॉपी करायचं, तिथे ते अॅड-इन, म्हणजे वर्डला जोडलेली जादा सोय, म्हणून लोड होतं आणि कुणाच्या हातून चुकून बिघडत नाही. ही पद्धत कुठल्या एका माणसाने शोधली नसावी, पण इतकी वर्षं टिकलेली दुसरी पद्धत मी तरी पाहिली नाही.

तोवर टूलबार इतके झाले होते की वर्ड २००३ मध्ये त्यांची संख्या तीसच्या आसपास गेली होती. वर्ड २००० ने तर कमी वापरलेले पर्याय मेन्यूतून आपोआप लपवायला सुरुवात केली होती, त्यामुळे फोनवर 'तिसऱ्या ओळीवर क्लिक करा' असं सांगायचीही सोय राहिली नाही, प्रत्येकाची तिसरी ओळ वेगळी. शेअर्ड टेम्प्लेट ज्यासाठी करायचं, म्हणजे सगळ्यांना सारखं दिसावं, त्याच्या हे बरोबर उलटं होतं.

ऑफिस २००७ मध्ये रिबन, म्हणजे टॅबांमध्ये मांडलेली बटणांची रुंद पट्टी, आली आणि टूलबारची जुनी दुनिया बंद झाली. बटणं ओढून टाकणं संपलं, रिबन वापरणाऱ्याला बदलताच येत नव्हती, बदलायचं तर टेम्प्लेटच्या आत एक्सएमएल (खुणा घालून लिहिलेला मजकूर) लिहायचं. नवीन फाइल फॉरमॅट म्हणजे झिप (अनेक फाइलींचं एक गाठोडं), मॅक्रोवालं टेम्प्लेट डॉटएम (.dotm), बिनमॅक्रोचं डॉटएक्स (.dotx), आणि झिपच्या आत कस्टमयूआय नावाची छोटी फाइल, तिच्यात टॅब, ग्रुप, बटणं आणि कुठलं बटण कुठला मॅक्रो चालवणार ते. जुने टूलबार मोडले नाहीत, पण सगळे अॅड-इन्स नावाच्या टॅबवर एका कोपऱ्यात येऊन पडले, नीट लावलेल्या फडताळातलं सामान कुणी पोत्यात भरून आणून द्यावं तसं. वर्षानुवर्षांचं काम असं झालेलं बघून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट मान्य करायला हवी, एक्सएमएल फाइलमध्येच असतं, त्यामुळे नॉर्मलमध्ये चुकून सेव्ह व्हायचा प्रश्नच गेला, आणि टेम्प्लेट काढलं की टॅबही जातो, मागे कचरा राहत नाही. जे काम 'सेव्ह इन' यादीला पंधरा वर्षं जमलं नाही ते यातून सुटलं. मॅकवाल्यांचे हाल वेगळेच, २००८ च्या मॅक वर्डमध्ये व्हीबीएच नव्हतं, ते २०११ च्या व्हर्जनमध्ये परत आलं.

दुसऱ्या बाजूला ओपनऑफिसने, आणि २०१० मध्ये त्यातून निघालेल्या लिबरऑफिसने, टूलबार ठेवले. तिथेही कस्टमाइझमध्ये तीच यादी आहे, रायटर (त्यांचा वर्डसारखा प्रोग्रॅम) निवडायचा की उघडलेल्या फाइलचं नाव, आणि फाइलचं नाव निवडलं तर टूलबार त्या ओडीएफ (त्यांचा फाइल फॉरमॅट) फाइलच्या झिपमध्ये कॉन्फिगरेशन्स२ नावाच्या फोल्डरमध्ये एक्सएमएल म्हणून जातो. टेम्प्लेट उघडून, त्याचंच नाव निवडून टूलबार बनवला की तो टेम्प्लेटबरोबर फिरतो. २०१९ च्या ६.२ पासून त्यांच्याकडेही टॅबवाली मांडणी रीतसर आली, पण टूलबार काढले नाहीत, हे मला फार आवडलं. गूगल डॉक्समध्ये वरची बटणं बदलायची सोय नाही, तिथे डॉक्युमेंटला जोडलेल्या स्क्रिप्टमधून मेन्यू जोडता येतो, आणि डॉक्युमेंटची कॉपी केली की स्क्रिप्टही कॉपी होते, म्हणजे वीस कॉपी तर वीस स्क्रिप्ट, एक चूक सापडली की वीस ठिकाणी दुरुस्ती.

ऑफिस २०१० पासून वापरणाऱ्यालाही रिबन बदलता यायला लागली, पण तो बदल त्याच्या प्रोफाइलमधल्या वेगळ्या फाइलमध्ये जातो, टेम्प्लेटमध्ये नाही. टेम्प्लेटमध्ये हाताने ठेवता येतो तो फक्त क्विक अॅक्सेस टूलबार, म्हणजे रिबनजवळची छोटी बटणपट्टी, तिथे अजूनही 'सगळ्या डॉक्युमेंटसाठी' की 'याच डॉक्युमेंटसाठी' अशी यादी आहे. प्रोफाइलमधला बदल एक्सपोर्ट करून दुसऱ्याला देता येतो आणि बरेच जण शेअर्ड टेम्प्लेटऐवजी तेच करतात, पण इम्पोर्ट करताना समोरच्याचे स्वतःचे सगळे बदल पुसले जातात, एखाद्याने वर्षानुवर्षं जमवलेली बटणं एका क्लिकमध्ये. म्हणून मी ती फाइल कुणाला पाठवत नाही. शिवाय २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो वर्ड मुळातच अडवतं, त्यामुळे टेम्प्लेट ईमेलने पाठवलं तर टॅब दिसतो आणि बटणं मुकी राहतात. स्टार्टअप फोल्डर मात्र वर्डच्या विश्वासातल्या जागांमध्ये आधीपासून असतो, म्हणून बटणांचं डॉटएम आजही तिथेच ठेवतो, आत एकच टॅब, आणि मजकुराच्या टेम्प्लेटमध्ये एकही मॅक्रो नाही.