पांडवलेणी की चामरलेणी : मांडी घातलेली ती मूर्ती कुणाची?

नाशिकला पाहुणे आले की दोन डोंगर दाखवले जातात, पांडवलेण्यांचा बौद्ध आणि म्हसरूळच्या चामरलेण्यांचा जैन, आणि घरी परतल्यावर दोन्हींचे फोटो एकाच नावाखाली पडतात. म्हसरूळच्या पार्श्वनाथाखाली ‘पांडवलेणीतले बुद्ध’, पांडवलेणीतल्या बुद्धाखाली ‘महावीर स्वामी’. कुणी चूक दाखवली की ठरलेलं उत्तर येतं, ‘सगळं सारखंच दिसतं हो!’ सारखं दिसत नाही. कुठे बघायचं ते ठाऊक नसतं, एवढंच.

पांडवलेणी नाशिककराला सांगायला नकोत. मुंबई-आग्रा महामार्गावर पाथर्डी फाट्याजवळ, फाळके स्मारकाच्या वरचा त्रिरश्मी डोंगर. २४ लेणी, सगळी बौद्ध, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास कोरायला सुरुवात. पांडवांचा संबंध नावापुरता. एका रात्रीत लेणी कोरल्याची गोष्ट पोरांना सांगा, पण तिथल्या शिलालेखांत दात्यांची नावं आहेत तीही सांगा. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिचा लेख आहे. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव नोंदवतो : गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. व्याजाचे दर दगडात कोरून ठेवलेत आणि लोक तिथे फक्त सेल्फी काढतात.

चामरलेणी शहराच्या उत्तरेला, दिंडोरी रस्त्याने गेल्यावर म्हसरूळला. दिगंबर जैनांचं गजपंथ सिद्धक्षेत्र ते हेच. पायऱ्या चारशेच्या पुढे. ही लेणी अकराव्या-बाराव्या शतकातली, म्हणजे त्रिरश्मीवरचं पहिलं लेणं कोरलं गेल्यानंतर हजार वर्षांहूनही अधिक काळानं झालेली. तिथे आजही पूजा चालते; पादत्राणं बाहेर, चामड्याचा पट्टा-पाकीट नको, खाण्याचे डबे खालीच. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक, तिथे तिकीट काढावं लागतं. किरकोळ फरक इथे संपले.

आता खरी अडचण. दोन्हीकडे मांडी घालून, डोळे मिटल्यासारखी बसलेली, लांब कानांची, कुरळ्या केसांची मूर्ती दिसते आणि लोक केस व कान बघून ‘बुद्ध’ म्हणून मोकळे होतात. केस आणि कान यांवर निकाल देऊ नका. तीर्थंकराचेही, म्हणजे महावीर-पार्श्वनाथांसारख्या जैनांच्या पूज्य जिनांचेही, केस असेच कुरळे, कानाच्या पाळ्याही तशाच लांब. बाजूचे चवरी ढाळणारे सेवक दोघांनाही, आसनाच्या टोकांवरचे सिंहही दोघांनाही. सिंह दिसला की ‘महावीर’ म्हणणाऱ्यांनी तर जरा थांबावं : सिंहासन सगळ्यांचंच असतं. महावीराचा सिंह हे लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, आहे आणि ते बैठकीच्या मधोमध कोरतात.

सुरुवात हातांपासून करा. तीर्थंकर दोनच प्रकारे दाखवतात : बसलेला असेल तर मांडीवर एकावर एक ठेवलेले तळवे, उभा असेल तर अंगाला न चिकटता सरळ खाली सोडलेले हात, म्हणजे कायोत्सर्ग. तिसरा प्रकार नाही. बुद्धाचे हात मात्र बोलतात. छातीशी दोन्ही हातांची बोटं जुळवून धर्मोपदेश, उजवा हात खाली सोडून वरद, तळवा पुढे करून अभय, जमिनीला स्पर्श करून भूमिस्पर्श. यातलं काहीही दिसलं की मूर्ती बुद्धाची. पायही बघा. पांडवलेणीच्या विसाव्या लेण्यातला भव्य बुद्ध खुर्चीवर बसल्यासारखे दोन्ही पाय खाली सोडून बसला आहे. तीर्थंकर असा कधीही बसत नाही.

घोळ होतो तो बुद्धही ध्यानमुद्रेत असतो तेव्हा. तिथे वस्त्र शोधायचं. बुद्धाच्या अंगावर चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, असतं, पण इतकं झिरझिरीत कोरलेलं की समोरून अंग उघडंच वाटतं. त्याची फक्त कड दिसते : डाव्या खांद्यावरून छातीवर तिरकी उतरणारी रेघ, डाव्या मनगटाशी लोंबणारा काठ, घोट्याच्या वर आडवी कड. मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला तर या रेघा पुसल्या जातात. दिवा मूर्तीच्या बाजूला, दगडाला जवळजवळ समांतर धरा. सावली पडली की काठ उठून दिसतो. गजपंथाच्या दिगंबर, म्हणजे वस्त्रहीन, मूर्तीवर अशी एकही रेघ सापडणार नाही. मूर्तीला लेप दिलेला असेल किंवा दगड झिजलेला असेल तर ही खूण दगा देते. मग बैठकीकडे वळा.

बैठकीवर मध्ये चक्र आणि दोन बाजूंना दोन हरणं असतील तर बुद्ध. ते बुद्धाच्या पहिल्या उपदेशाचं सारनाथचं मृगवन. नुसतं चक्र पुरेसं नाही, जैन बैठकीवरही धर्मचक्र असतं. एकटं हरीण मधोमध असेल तर शांतिनाथ, बैल असेल तर ऋषभनाथ. ऋषभनाथाची आणखी एक सोय आहे, खांद्यावर रुळणाऱ्या बटा. डोक्यावर नागाचा फणा असेल तर आपल्या भागात पार्श्वनाथच समजा. नागाच्या फण्याखालचा बुद्धही असतो, पण तो बघायला कंबोडियाकडे जावं लागेल. छातीवर श्रीवत्स, म्हणजे मधोमध कोरलेलं शुभचिन्ह, दिसला तर तीर्थंकर नक्की. दिसला नाही म्हणून बुद्ध ठरत नाही, कारण दख्खनच्या कितीतरी जैन मूर्तींवर तो कोरलेलाच नाही. गाइड नेमके इथेच घसरतात.

आणि आता पांडवलेणीतलं अकरावं लेणं, जिथे जाणकारही फसतात. बौद्ध डोंगरावरच्या या लेण्यात जैन मूर्ती आहेत, तीर्थंकर आणि जैन देवी अंबिका. लेणं बौद्धांनी कोरलेलं, मूर्ती कितीतरी नंतरच्या. म्हणजे ‘पांडवलेणीत आहे म्हणून बुद्धच’ हा हिशेब इथे चालत नाही. उलटी चूकही तितकीच होते : हे एक लेणं पाहून ‘पांडवलेणी मुळात जैन’ असं ठोकून देणारे महाभाग आहेत. लेणं आणि मूर्ती यांचं वय वेगवेगळं मोजायचं. विसाव्यातच बघा. शिलालेख सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षाचा. बोपकी नावाच्या यतीनं सुरू केलेलं, बरीच वर्षं अपुरं राहिलेलं लेणं महासेनापती भवगोपाची बायको वासू हिनं पुरं केलं. आतला बुद्ध त्याच्याही काही शतकांनंतरचा, महायानी काळातला. सुरुवातीच्या लेण्यांत बुद्धमूर्ती नव्हतीच, पूजा स्तूपाची होती. अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यात (पूजेच्या दालनात), तो स्तूप अजून उभा आहे.

दोन्ही एका दिवसात करायची असतील तर सकाळी म्हसरूळ. पायऱ्यांवर ऊन चढलं की अनवाणी दगडावर पाय भाजतात. पांडवलेण्यांचं तोंड साधारण उत्तरेकडे, त्यामुळे हिवाळ्यात दुपारीही ओट्यांवर सावली मिळते. पण मावळतीच्या आत खाली उतरवतात, म्हणून साडेतीनच्या पुढे चढायला सुरुवात करू नका. वेळ कमी असेल तर ३, १०, ११, १८ आणि २० एवढी बघा. माकडांपासून पिशव्या सांभाळा आणि पाणी खालूनच भरून न्या. वरच्या कोरीव टाक्यांतलं पिऊ नका.